योको ओगावा : हरवलेल्या गोष्टी जपून ठेवणारी लेखिका

ओलं पान

जपानी कादंबरीचा विषय निघाला की आपल्या गप्पा मुराकामीपासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात. मला आज योको ओगावाबद्दल लिहायचंय. गेल्या दोन वर्षांत तिची इंग्रजीत आलेली जवळजवळ सगळी पुस्तकं वाचली, काही दोनदा वाचली, आणि तरी बोलायला कुणी मिळत नाही. म्हणून हा धागा.

माझ्या हातात पहिलं आलं ते 'द हाउसकीपर अँड द प्रोफेसर'. गोष्ट एवढीशीच आहे. गणिताचे एक प्राध्यापक. १९७५ साली मोटारीचा अपघात झाला आणि तेव्हापासून कुठलीही नवी गोष्ट त्यांच्या लक्षात ऐंशी मिनिटांपेक्षा जास्त राहत नाही. बाहेर १९९२ साल उजाडलंय, त्यांच्यासाठी अजून १९७५च चालू आहे. वहिनी मोठ्या घरात राहते, हे आवारातल्या मागच्या लहान घरात. कामाला येणाऱ्या बायका टिकत नाहीत. नऊ जणी झाल्या, दहावी येते, आणि गोष्ट तीच सांगते. तिला नाव नाही, त्यांनाही नाही. तिच्या दहा वर्षांच्या मुलाचं डोकं वरून सपाट, म्हणून प्राध्यापक त्याचं नाव ठेवतात 'रूट'. वर्गमूळाचं चिन्ह. कुठलीही संख्या आली तरी तिला आपल्या छपराखाली घेणारं.

पहिल्या दिवशी दारातच ते तिला बुटाचा नंबर विचारतात. चोवीस. वा, म्हणजे एक गुणिले दोन गुणिले तीन गुणिले चार! मग फोन नंबर विचारतात. ५७६१४५५. दहा कोटींपर्यंत जेवढ्या मूळ संख्या आहेत, नेमका तेवढा आकडा. दुसऱ्या दिवशी ती परत अनोळखी होते आणि परत दारातच बुटाचा नंबर. कोटभर चिमट्यांनी अडकवलेल्या चिठ्ठ्या आहेत, हलले की सळसळतात. एका चिठ्ठीवर लिहिलंय की माझी स्मृती ऐंशी मिनिटांचीच आहे. म्हणजे रोज सकाळी हा माणूस उठतो आणि स्वतःच्याच अक्षरात आपल्याला काय झालंय ते नव्याने वाचतो. ती चिठ्ठी वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगते. तिचा वाढदिवस २० फेब्रुवारी, म्हणजे २२०. प्राध्यापकांना तरुणपणी विद्यापीठाकडून बक्षीस मिळालेलं घड्याळ, त्यावर क्रमांक २८४. २२० चे विभाजक (तो आकडा स्वतः सोडून) मांडा : १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११०. बेरीज २८४. आता २८४ चे : १, २, ४, ७१, १४२. बेरीज २२०. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात आणि त्या फार दुर्मीळ असतात. शाळा अर्धवट सुटलेली ती बाई ही बेरीज कागदावर स्वतः करते. मीही केली, जेवणाच्या टेबलावर, पेन्सिलीने. शेवटचा ११० मिळवून २८४ आले तेव्हा अंगावर काटा आला. गणितात मी कायम काठावर पास. हे काम एका कादंबरीने केलं.

ओगावाचा जन्म १९६२ चा, ओकायामाचा. कोंकोक्यो नावाचा एक पंथ आहे, त्याच्या प्रार्थनास्थळाच्या आवारात तिचं लहानपण गेलं. पुढे तोक्योत वासेदा विद्यापीठात साहित्य शिकली, मग गावाकडे येऊन वैद्यकीय महाविद्यालयात सचिवाची नोकरी, मग लग्न. १९८८ मध्ये पहिल्याच कथेला काइएन मासिकाचं नवोदितांचं पारितोषिक मिळालं. 'प्रेग्नन्सी डायरी' तिने मूल रांगतं-चालतं असताना, सापडेल त्या मोकळ्या वेळात लिहिली आणि त्यावर अकुतागावा पारितोषिक मिळालं. 'हाउसकीपर' २००३ चं. पुढच्या वर्षी त्याला योमिउरी पारितोषिक मिळालं, शिवाय 'होन्या ताइशो' नावाचं पारितोषिक त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं तेही त्यालाच. हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ते पुस्तकांच्या दुकानांत काम करणारी माणसं मतं देऊन ठरवतात.

शाळेच्या वयात तिने नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँकची डायरी वाचली आणि त्यावरून लिहायला लागली. मोठेपणी ॲमस्टरडॅम, आउशविट्झ अशी ॲनच्या मागावर फिरून आली आणि त्यावर एक पुस्तक लिहिलं. हे कळल्यावर 'द मेमरी पोलीस' मला वेगळीच दिसायला लागली.

ती १९९४ ची कादंबरी, इंग्रजीत आली थेट २०१९ मध्ये आणि २०२० च्या इंटरनॅशनल बुकरच्या अंतिम यादीत होती. एक बेट आहे. तिथे एकेक वस्तू नाहीशी होत जाते. रिबिनी, घंटा, पाचू, तिकिटं, अत्तर. सकाळी उठल्यावर हवेत काहीतरी वेगळं जाणवतं, लोक बाहेर येतात, कुणीतरी म्हणतं की आज पक्षी गेले. मग ज्याच्याकडे जे असेल ते जाळायचं किंवा नदीत सोडायचं. थोड्या दिवसांत त्या वस्तूचं नाव घेतलं तरी मनात काही हलत नाही. ज्यांच्या आठवणी जात नाहीत त्यांना पोलीस घेऊन जातात. गोष्ट सांगणारी स्वतः कादंबरीकार आहे. तिची आई शिल्पकार होती, तिने नाहीशा झालेल्या वस्तू जुन्या कपाटाच्या बारीक बारीक खणांत लपवून ठेवल्या होत्या. मुलीला खण उघडून एकेक दाखवायची. आता या मुलीने आपल्या संपादकाला घरातल्या जमिनीखालच्या खोलीत लपवलंय.

गुलाब गेले त्या दिवशीचं पान काढून वाचा. नदीभर पाकळ्या. पाणी दिसतच नाही.

ओगावा विसरण्याबद्दल लिहिते असं सगळे म्हणतात. मला वाटतं तिचा जीव अडकलाय तो जपून ठेवणाऱ्यांत. कोटाला चिठ्ठी लावणारे हात, आईचे ते खण, ऐंशी मिनिटांनी पुसलं जाणार हे ठाऊक असूनही रोज तितक्याच आपुलकीने बुटाचा नंबर सांगणारी बाई. तुम्ही वाचली असेल तर लिहा.

देवळालीकर

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी हे पुस्तक मुलीच्या आग्रहाखातर वाचलं आणि पहिल्या पन्नास पानांतच मला आमच्या गावचे कापरेकर सर दिसायला लागले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. आमच्या देवळालीला १९३० ते १९६२ शाळेत शिकवायला होते. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, कुठल्या विद्यापीठात खुर्ची नाही, पण दिसेल त्या आकड्याशी खेळल्याशिवाय पुढे जायचं नाही हा स्वभाव. माझे थोरले काका त्यांच्या हाताखाली शिकले. काका सांगायचे की सरांच्या समोर आकडा उच्चारायची खोटी, सर रस्त्यात थांबायचे.

त्यांचा ६१७४ बहुतेकांना माहीत असेल. तरी ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी या कादंबरीचंच साल घेऊन करतो. १९९२. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा :

९९२१ − १२९९ = ८६२२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यानंतर कितीही वेळा करा, ६१७४ च. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येते. आणि ताई, तुमच्या २२० बद्दल : २+२+० = ४, आणि २२० ला ४ ने पूर्ण भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना सरांनी नाव दिलं 'हर्षद', आनंद देणाऱ्या. त्या बाईचा वाढदिवस हर्षद संख्या आहे, हे कळलं असतं तर त्या प्राध्यापकांनी तीही एक चिठ्ठी लिहून कोटाला लावली असती.

सरांचं नाव जगभर झालं ते मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिल्यावर. साल १९७५. प्राध्यापकांचं घड्याळ थांबलं तेच साल. योगायोगच आहे, पण तो वाचून मी बराच वेळ खिडकीशी उभा होतो.

हिरागाना

पुण्यात जपानी शिकवते. 'हाउसकीपर' मूळ जपानीतून दोन वेळा वर्गात घेतलं आहे, त्यामुळे थोडं भाषेबद्दल.

मूळ नाव 'हाकासे नो आइशिता सूशिकी'. म्हणजे साधारण 'हाकासेंचं लाडकं सूत्र'. हाकासे म्हणजे डॉक्टरेट मिळवलेला विद्वान, पण आपल्याकडे गल्लीतल्या हुशार मुलाला 'काय हो शास्त्रीबुवा' म्हणतात तशी त्यात लाडाचीही छटा असते. इंग्रजी नावात घर आणि नोकरी आली, प्रेम गेलं. मूळ नावात मात्र एक सूत्र आहे आणि त्याच्यावर कुणाचं तरी प्रेम आहे. ते सूत्र गणितज्ञ ऑयलरचं. कथेच्या मध्यावर, घरात सगळे एकमेकांवर तुटून पडलेले असताना प्राध्यापक ते एका कागदावर लिहून टेबलावर ठेवतात आणि एक शब्दही न बोलता निघून जातात. भांडण तिथे थांबतं.

'मेमरी पोलीस'चं तर आणखी विशेष. मूळ नाव 'हिसोयाका ना केश्शो'. केश्शो म्हणजे स्फटिक. 'निःशब्दपणे बनलेला स्फटिक' म्हणता येईल. नावात पोलीस नाहीतच! आणि मजकुरात जे पोलीस आहेत ते 'हिमित्सु केइसात्सु', म्हणजे नुसते गुप्त पोलीस. 'मेमरी पोलीस' हा शब्द अनुवादक स्टीफन स्नायडर यांचा. शब्द उत्तम आहे, पुस्तक त्यामुळे जगभर पोचलं, हे मी मान्य करते. पण इंग्रजी वाचक पहिल्या पानापासून हुकूमशाहीची गोष्ट शोधायला लागतो. जपानी वाचक स्फटिक शोधतो, म्हणजे सगळं विरघळून गेल्यावर तळाशी जे राहतं ते. ओलं पान, तुम्ही कपाटाच्या खणांबद्दल लिहिलंत ते मूळ नावाच्या जास्त जवळ आहे.

अजून एक. हे पुस्तक लिहिण्याआधी ओगावाबाई मासाहिको फुजिवारा या गणितज्ञांना भेटल्या होत्या. पुढे दोघांनी मिळून गणिताच्या सौंदर्यावर गप्पांचं पुस्तकही केलं. हे फुजिवारा रामानुजनच्या शोधात दक्षिण भारतात येऊन गेलेले आहेत आणि त्यांनी त्यावर लिहिलंय. त्यामुळे देवळालीकरकाका, तुम्हाला त्यात आपला माणूस दिसला यात मला नवल वाटत नाही.

आणि एक भाषेचा आनंद. मराठीत करायचं झालं तर 'रूट'ला काय म्हणाल? मी वर्गात विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "मूळ." वर्गमूळातलं मूळ, मूळ संख्येतलं मूळ, झाडाचं मूळ. प्राध्यापकांना दोन्ही प्रिय, वर्गमूळही आणि मूळ संख्याही. इंग्रजीला हा योग नाही.

रोखठोक

हाउसकीपर मलाही आवडलं. पण 'मेमरी पोलीस'ने माझा संताप झाला. पक्षी गेले, फुलं गेली, फोटो जाळले, पुस्तकं जाळली, वाचनालय पेटवलं, आणि बेटावरचा एक माणूस रस्त्यावर येऊन ओरडत नाही? कॅलेंडरं गेली म्हणून वसंत येत नाही, बर्फ पडतच राहतो, तरी लोक फावडी घेऊन बर्फ काढतात आणि कामाला जातात. लेखिकेने माणसांना इतकं निमूट करायला नको होतं. मला ते खोटं वाटलं.

ओलं पान

@रोखठोक, तुमचा संताप मला कळतो. पहिल्या वाचनात मीही चिडले होते. दुसऱ्या वेळी त्या म्हाताऱ्याकडे लक्ष गेलं. तो फेरीबोटीवर मेकॅनिक होता. बोटी 'गेल्या', काम गेलं, आता त्याच गंजत चाललेल्या बोटीत राहतो. बोट म्हणजे काय हे त्याला धड आठवतही नाही. ज्याला आठवत नाही तो कशासाठी ओरडणार? ओरडायला आधी काय गेलं ते माहीत हवं. पण संपादकाला लपवायची वेळ आली तेव्हा हाच म्हातारा हत्यारं घेऊन येतो आणि खोली बांधून देतो. का लपवायचं हे त्याला आतून उमजत नाही, तरी हात कामाला लागतात. मला त्यात निमूटपणा दिसत नाही.

@हिरागाना, 'मूळ' वाचून खूप आनंद झाला. त्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार कळवा.

रोखठोक

म्हाताऱ्याबद्दल पटलं. बेटावरच्या इतरांबद्दल अजून नाही. पण परत वाचेन.

निशिगंध

मी परिचारिका आहे, मेंदूविकाराच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. ऐंशी मिनिटं अशी घड्याळाने नेमकी मर्यादा प्रत्यक्षात नसते, ती कादंबरीची सोय आहे. पण जुनं सगळं शाबूत आणि नवं काहीच टिकत नाही, असं होतं. वैद्यकशास्त्रात एच. एम. या नावाने ओळखला जाणारा रुग्ण प्रसिद्ध आहे. फेफऱ्यासाठी १९५३ साली त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर २००८ मध्ये जाईपर्यंत त्याच्या मनात नवी आठवण जवळजवळ साठली नाही. त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला द्यायचे. रोज तो म्हणायचा की हे मी पहिल्यांदा करतोय, आणि हात मात्र दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. आठवण नाही, हाताला ठाऊक आहे.

आमच्याकडे एक आजी होत्या. रोज सकाळी मला विचारायच्या, "तू नवीन का गं?" मी म्हणायची, "हो आजी, आजच आले." पण वेणी घालायला बसले की मान बरोबर माझ्या हाताच्या अंदाजाने कलायची. दुसऱ्या कुणी घातली तर कलायची नाही. प्राध्यापक आणि रूटचं जे होतं ते मला म्हणूनच शंभर टक्के खरं वाटलं. रूटच्या हाताला सुरी लागते तेव्हा ते त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावतात, तो प्रसंग तर फारच. रूटबद्दल त्यांच्याकडे काय साठलंय? एक चिठ्ठी. पण धावतात ते आजोबासारखे.

शेवंती

+१ निशिगंध.

कुणी फक्त 'हाउसकीपर' वाचून थांबलं असेल तर सांगते की ही लेखिका नेहमीच एवढी मायाळू नसते. 'प्रेग्नन्सी डायरी'त धाकटी बहीण गरोदर थोरलीसाठी ग्रेपफ्रूटचा जॅम करते. परदेशातून आलेल्या फळांवर मारलेल्या औषधाने पोटातल्या बाळाला अपाय होतो असं तिने वाचलंय. तरी करते. कढईभर करते. थोरली चमच्याने ओरपते. भाषा अगदी तीच, शांत, नीटनेटकी, साखर विरघळल्याचा वास येईल अशी. मी स्वतः गरोदर असताना वाचलं आणि अर्ध्यावर ठेवून दिलं, पोरगी दोन वर्षांची झाल्यावर पूर्ण केलं. 'हॉटेल आयरिस' आणि 'रिव्हेंज' याच बाजूची आहेत.

मन हलकं करायचं असेल तर 'मीनाज मॅचबॉक्स' घ्या. १९७२ साल, आशिया नावाचं गाव, मावशीकडे राहायला आलेली मुलगी, आणि दम्याने आजारी असलेली मीना, जी बुटक्या पाणघोड्याच्या पाठीवर बसून शाळेत जाते. हो, पाणघोड्याच्या.

गल्ली नंबर सात

सगळे प्रतिसाद वाचले. मी इथे सहसा लिहीत नाही.

माझी आई चार घरी स्वयंपाकाला जायची. दोन घरी पोळ्या-भाजी, दोन घरी सगळंच. एका घरी नियम होता की मुलाला बरोबर आणायचं नाही. शाळा सुटली की मी त्यांच्या जिन्यात बसायचो, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. दप्तर मांडीवर. आतून कुकरच्या शिट्ट्या यायच्या, त्या मोजायचो. तीन म्हणजे भात झाला. मग लाटण्याचा आवाज सुरू व्हायचा, तो थांबला की आई पाच मिनिटांत बाहेर. येताना पदराला हात पुसत यायची आणि पहिल्यांदा माझ्या कपाळाला हात लावायची. थंडीत जिन्याची फरशी फार गार असते.

या कादंबरीत एजन्सीचा नियम आहे की कामावर मूल आणायचं नाही. प्राध्यापकांना कळतं की हिचा दहा वर्षांचा मुलगा घरी एकटा वाट बघत बसतो. तो माणूस हादरतो. म्हणतो उद्यापासून त्याला शाळेतून थेट इकडे येऊ दे. आणि विसरू नये म्हणून चिठ्ठी लिहून कोटाला लावतो. ज्या माणसाच्या लक्षात काही राहत नाही त्याच्या हे लक्षात आलं. ते पान मी लोकलमध्ये वाचलं आणि माझं स्टेशन गेलं.

ती स्वयंपाक करत असते तेव्हा प्राध्यापक बसून बघतात. नुसतं बघतात, मन लावून. माझ्या आईने सव्वीस वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक केला. चांगली माणसंही भेटली, दिवाळीला साडी, माझी फी, सगळं केलं त्यांनी. पण तिच्या हाताकडे असं कुणी बघितलं असेल का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

काल रात्री ती मेथी निवडत बसली होती, मी समोर बसून तिला गोष्ट सांगितली. इंग्रजी पुस्तक हातात, तोंडाने मराठी. बुटाचा नंबर, २२० आणि २८४ (कागदावर करून दाखवलं, तिने बोटांनी पडताळून घेतलं), रूट, बेसबॉल, एनात्सू नावाचा पिचर, ज्याच्या पाठीवर २८ आकडा, आणि १, २, ४, ७, १४ मिळवले की परत २८ च येतात. मग सामना बघून आल्यावर प्राध्यापकांना ताप भरतो, ही रात्रभर त्यांच्या उशाशी थांबते, आणि नियम मोडला म्हणून एजन्सी तिला तिथून काढते, तिथपर्यंत आलो. उशीर झाला होता. म्हटलं उरलेलं उद्या.

आईचा हात थांबला. म्हणाली, "मग घेतलं का रे तिला परत कामावर?"

"घेतलं."

"आणि पोराला?"

"त्यालाही."

तिने मान हलवली आणि दुसरी जुडी सोडली.